संगणक माणूस ओळखू शकेल काय?



पोळा आठ दिवसांवर आला की हिवरखेडच्या दुकानांतून बैलांच्या झुली, गोंडे, बेगड, घुंगरमाळा आणि शिंगांना लावायचे रंग मांडलेले दिसतात. हा माल आणा असे दुकानदाराला कोणी सांगितलेले नसते. अमुक एक शेतकरी रंगाचा डबा घेईल की नाही, हेही त्याला ठाऊक नसते. पण शंभर शेतकऱ्यांमागे साधारण किती डबे खपतील, हे तो मागच्या काही वर्षांच्या विक्रीवरून जवळजवळ बरोबर सांगतो. गावात ट्रॅक्टर वाढले आणि बैलजोड्या घटल्या, की तो पुढच्या वर्षी झुली कमी मागवतो. म्हणजे जुना अनुभव घ्यायचा, त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा, अंदाज चुकला तर दुरुस्त करायचा, हे काम तो वर्षानुवर्षे करीत आला आहे.

नेमके हेच काम आज प्रचंड प्रमाणावर संगणक करतात. त्याला पूर्वानुमान-विश्लेषण असे भारदस्त नाव मिळाले आहे. तुम्ही फोनवर कोणते चित्र किती वेळ पाहिले, कशाला पसंती दिली, कोणता निरोप पुढे पाठवला, या सगळ्याची नोंद ठेवून तुम्ही पुढे काय कराल याचे भाकीत हे संगणक करतात. काही लोक म्हणतात, आता माणसाचे मन यंत्राने वाचता येते. काही म्हणतात, हे सगळे थोतांड आहे. मला दोन्ही मते घाईची वाटतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : समुदायाबद्दलचे भाकीत हे शास्त्र होऊ शकते, एका व्यक्तीबद्दलचे भाकीत हा केवळ अंदाज असतो, आणि अशा अंदाजावरून त्या व्यक्तीचा निकाल लावून टाकणे हा अन्याय आहे. हे मत कशाच्या आधारावर आहे ते आता क्रमाने पाहू या.

रेणूंची गर्दी, माणसांची गर्दी

बॉइलचा नियम तुम्ही शिकला आहात. तापमान कायम ठेवून वायूचे आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो. आता विचार करा, एका घनसेंटिमीटर हवेत प्रमाण दाबाला व शून्य अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे २.७ × १०^१९ रेणू असतात. त्यांपैकी एकही रेणू पुढच्या क्षणी कोठे जाईल हे आपण सांगू शकत नाही. तरी सगळ्यांचा मिळून दाब किती होईल, हे अचूक सांगतो. एकेकाचा लहरीपणा मोठ्या संख्येत एकमेकांना छेद देऊन नाहीसा होतो आणि सरासरी तेवढी उरते.

गमतीची गोष्ट अशी की, ही कल्पना माणसांच्या अभ्यासातून भौतिकशास्त्रात आली असे काही इतिहासकारांचे मत आहे. बेल्जियमच्या क्वेटले या शास्त्रज्ञाने १८३५ साली दाखवले, की देशातील गुन्ह्यांची व विवाहांची संख्या दरवर्षी आश्चर्यकारकपणे सारखी असते. त्याच्या कामावर जॉन हर्शेलने लिहिलेला लेख जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या वाचनात आला होता. पुढे १८६० साली मॅक्सवेलने रेणूंच्या वेगांच्या वाटणीचा आपला प्रसिद्ध नियम मांडला. तेव्हा माणसांच्या गर्दीला गणित लावणे यात काही नवल नाही, आणि गैर तर मुळीच नाही. 

मात्र दोन मोठे फरक लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला असा, की रेणू एकमेकांचे ऐकून आपली दिशा ठरवीत नाहीत; माणसे ठरवतात. दुसरा असा, की रेणूंविषयीचे भाकीत रेणूंना कळत नाही. माणसांविषयीचे भाकीत माणसांना कळते, आणि ते कळल्यावर त्यांचे वागणे बदलते. उद्या तेलाचा भाव चढणार अशी नुसती वार्ता उठली तरी लोक आजच डबे भरून ठेवतात, आणि त्यामुळेच भाव चढतो.

फोन तुम्हाला कसा ओळखतो?

एक मोठा तक्ता डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळीत माणसे, उभ्या रकान्यात त्यांनी पाहिलेल्या गोष्टी. पाहिले असेल तेथे १, नसेल तेथे ०. तुमच्या ओळीसारख्या इतर हजारो ओळी संगणक शोधून काढतो. त्या माणसांनी पुढे जे पाहिले, ते तुम्हीही पाहाल अशी शक्यता किती, याचा आकडा तो काढतो आणि सर्वांत मोठा आकडा ज्या चित्रफितीचा, ती तुमच्यापुढे आणून ठेवतो. तुम्ही ती पाहिलीत तर अंदाज बरोबर. अंगठ्याने वर सरकवलीत तर चूक. दोन्हींची नोंद होते आणि पुढचा आकडा सुधारतो. यात मनकवडेपणा कसलाच नाही. बेरीज, गुणाकार आणि प्रचंड स्मरणशक्ती एवढेच आहे.

एवढ्यावरून किती कळते? केंब्रिज विद्यापीठातील कोसिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील पसंत्या तपासल्या. एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी दिली, तर पुरुष कोणता हे केवळ पसंत्यांवरून १०० पैकी सुमारे ९३ वेळा बरोबर ओळखता आले. अमेरिकेतील दोन राजकीय पक्षांच्या समर्थकांबाबत हाच आकडा ८५ होता. स्वभावाच्या बाबतीत मात्र जुळणी बरीच ढोबळ निघाली. शिवाय स्वभावाचे माप म्हणून त्या माणसाने स्वतः भरलेली प्रश्नावलीच धरली होती, हेही विसरू नये.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. हे यंत्र ‘तुम्ही कशावर थांबाल’ याचे भाकीत करते. ‘तुमच्या हिताचे काय’ हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. चटपटीत भेळेच्या गाडीपाशी मुले थांबतात हे खरे. म्हणून रोजचे जेवण भेळेचेच असावे असे कोणी म्हणणार नाही.

आणखी एक. कपभर गरम पाण्यात मोठा थंड तापमापक बुडवला तर पाण्याचेच तापमान उतरते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. मोजण्याचे साधन मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला बदलून टाकते. समाजमाध्यमांचे तसेच आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या पडद्यावरील आनंदी किंवा दुःखी मजकुराचे प्रमाण आठवडाभर मुद्दाम कमीजास्त केले. लोकांच्या स्वतःच्या लिखाणातही अगदी थोडा, पण मोजता येण्याजोगा फरक पडला. २०१४ साली हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर मोठी टीका झाली, कारण त्या लोकांना या प्रयोगाबद्दल वेगळे विचारलेलेच नव्हते. सारांश, जो भाकीत करतो तोच जर तुमच्यापुढचे ताट वाढत असेल, तर भाकीत खरे ठरल्याचे त्याचे श्रेय थोडे कमी धरावे.

भाकिताला कसोटी हवीच

आपल्या वऱ्हाडाला भाकिते नवीन नाहीत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे गाव आहे. तेथे दरवर्षी अक्षय्यतृतीयेला संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. वर्तुळाकार अठरा प्रकारची धान्ये मांडतात; मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे दाणे किती हलले, ढेकळे किती भिजली ते पाहून पाऊस, पीक आणि इतर गोष्टींचे भाकीत सांगतात. ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. परंपरा जुनी आहे आणि शेतकऱ्याच्या मनातील चिंता तर अगदी खरी आहे. पण विज्ञान एकच प्रश्न विचारते : भाकीत आधी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले होते काय, आणि बरोबर किती व चूक किती हे दोन्ही मोजले काय? दाणे रात्री वाऱ्याने, मुंग्यांनी, किड्यांनी हलतात; त्यांचा आश्विनातील कपाशीशी संबंध आहे असे म्हणणाऱ्याने तो मोजून दाखवावा लागतो. ‘काही ठिकाणी पाऊस कमी, काही ठिकाणी जास्त’ हे विधान कधीच खोटे ठरत नाही, आणि म्हणूनच त्याचा उपयोगही नसतो.

अशी मोजणी महाराष्ट्रात एकदा उत्तम रीतीने झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या. त्यांपैकी प्रत्येकी ४० पत्रिका ज्योतिषांना देऊन, कोणती कोणत्या गटातील ते ओळखा, असे आवाहन केले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून जितकी उत्तरे बरोबर यावीत त्याहून अधिक आली नाहीत. या प्रयोगात कोणाची टिंगल नव्हती. अटी आधी ठरल्या होत्या आणि आकडे उघड मांडले गेले.

माझा मुद्दा असा की, घागरीला जी कसोटी लावायची तीच संगणकालाही लावली पाहिजे. संगणकाने सांगितले म्हणून ते शास्त्रीय, असे मानणे हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. गूगलने २००८ साली, लोक आजाराविषयी काय शोधतात यावरून अमेरिकेतील फ्ल्यूच्या साथीचा अंदाज देण्यास सुरुवात केली. पाच कोटी शोधशब्दांतून साथीशी जुळणारे ४५ निवडले होते. आरंभी अंदाज छान जमले. पण २०१२-१३ च्या हिवाळ्यात तो प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि २०१५ साली ते अंदाज प्रसिद्ध करणे बंद झाले. कोट्यवधी शब्दांच्या ढिगाऱ्यात काही शब्द साथीशी केवळ योगायोगाने जुळतात. हिवाळ्यातच खेळल्या जाणाऱ्या शालेय बास्केटबॉलविषयीचे शोधही फ्ल्यूशी जुळलेले दिसले होते! दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नाही, हा धडा या निमित्ताने पक्का करावा.

ढीग मोठा की नमुना चांगला?

तुम्ही म्हणाल, संगणकापाशी कोट्यवधी लोकांची माहिती आहे, मग चूक कशी होईल? १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी एक कोटी पत्रिका पाठवल्या आणि सुमारे २३ लाख उत्तरे मिळवली. लँडन जिंकणार, असे त्यांनी जाहीर केले. जिंकले रूझवेल्ट, आणि तेही सुमारे ६१ टक्के मतांनी. जॉर्ज गॅलप यांनी केवळ ५० हजारांच्या आसपास लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोन व मोटारगाडी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतेही सारखी नव्हती.

याच्या उलट आपल्या शेतातील पीक कापणी प्रयोग पाहा. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत भारतात ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. गावातील शेत आणि शेतातील छोटा तुकडा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज करायचा. तुकडा लहान, पण निवड निःपक्षपाती; म्हणून अंदाज भरवशाचा. समाजमाध्यमावर दिसणारी माणसे मात्र चिठ्ठी टाकून निवडलेली नसतात. जो अधिक बोलतो तो अधिक दिसतो. निंदणीला गेलेली बाई, शाळेतून आल्यावर म्हशी घेऊन जाणारा मुलगा, साधा फोन वापरणारे आजोबा यांची त्या तक्त्यात ओळच नसते. तेव्हा फोनवर सगळीकडे एकच मत दिसले, म्हणून ‘लोकांचे मत’ तसे आहे, असे समजू नका.

अफवेची साखळी

या शास्त्राचा खरा उपयोग कोठे आहे, हे पाहायचे तर एका दुःखद घटनेकडे वळावे लागेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून सर्वत्र पसरली होती. आपला वऱ्हाडही अशा गोष्टींपासून दूर नाही. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. एकाचा जीव गेला, संचारबंदी लावावी लागली, इंटरनेट बंद करावे लागले.

अफवा पसरण्याचे गणित भौतिकशास्त्रातील शृंखला-अभिक्रियेसारखे आहे. समजा, शंभर जणांच्या एका गटात एक निरोप आला आणि त्यांपैकी दोघांनी तो प्रत्येकी एका नव्या शंभर जणांच्या गटात पाठवला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहाव्या पायरीला एका पायरीतच १,०२४ गट, म्हणजे लाखावर माणसे. आता पाठवणाऱ्यांचे प्रमाण घटून ते सरासरी दोघांऐवजी ०.९ इतके झाले, तर काय होईल? १ + ०.९ + ०.८१ + ... ही श्रेणी १० च्या पुढे जात नाही. सारी साखळी दहा गटांत, हजार माणसांत विझून जाते. तुर्भे येथे १९५६ साली सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत न्यूट्रॉनांची वाढ जशी आवरून धरीत असत, तशीच ही गोष्ट आहे. गुणक एकाहून अधिक असला की भडका, कमी असला की शांतता. 

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर मर्यादा आणण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, तेव्हा अशा निरोपांचा फैलाव ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. येथे कोणा एकाचा स्वभाव ओळखायची गरज पडली नाही. गर्दीचा नियम समजून घेऊन गुणक खाली आणला, एवढेच. पूर्वानुमानाचा हा सदुपयोग आहे असे मी मानतो.

नव्वद टक्के म्हणजे किती?

पण येथून पुढे एक मोहाचा रस्ता फुटतो. गर्दीचे कळते, तर मग ‘अफवा पसरवणारा कोण’ हे आधीच का ओळखू नये? आपण हिशोब करून पाहू या. हे आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. एका गावात २०,००० फोन आहेत आणि खरोखर खोडसाळ माणसे २० आहेत. आपल्याजवळ ९० टक्के अचूक यंत्र आहे. म्हणजे खोडसाळांपैकी ९० टक्के ते पकडते आणि निरपराधांपैकी ९० टक्क्यांना सोडून देते. यंत्र २० पैकी १८ जणांना पकडील. वाहवा! पण उरलेल्या १९,९८० निरपराध लोकांपैकी १० टक्के, म्हणजे १,९९८ जणांवरही ते बोट ठेवील. एकूण २,०१६ संशयित. त्यांत खरे १८. म्हणजे दर ११२ संशयितांत खरा एक. नव्वद टक्के अचूक यंत्राने ज्याच्यावर बोट ठेवले, तो दोषी असण्याची शक्यता एक टक्काही नाही! जी गोष्ट विरळ असते तिचे व्यक्तिगत भाकीत असेच फसते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यासाठी ‘मार्व्हल’ ही संस्था नागपुरात उभी केली. नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था तीत सहभागी आहे. तपासाला मदत करणे आणि गुन्ह्यांचा कल आधी ओळखणे असे तिचे उद्देश सांगितले आहेत. कोणत्या चौकात सणाच्या दिवशी जास्त शिपाई ठेवावेत, हा गर्दीचा प्रश्न आहे. तेथे आकडे जरूर वापरावेत. पण ‘हा मुलगा पुढे गुन्हा करील’ असे एखाद्या यादीत कधी येऊ लागले, तर वरचा हिशोब ज्याला येतो अशा नागरिकाने प्रश्न विचारलाच पाहिजे. तो नागरिक म्हणजे उद्याचे तुम्ही.

सरासरीचा बळी

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. २०२० साली कोरोनामुळे इंग्लंडमध्ये महाविद्यालय-प्रवेशाच्या ए-लेव्हल परीक्षा झाल्या नाहीत. तेव्हा शिक्षकांनी लावलेला विद्यार्थ्यांचा क्रम आणि त्या शाळेचा मागील वर्षांचा निकाल घेऊन सूत्राने श्रेणी ठरवल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आल्याचे दिसले. ज्या शाळेचा निकाल पूर्वी साधारण लागत असे, तेथील अत्यंत हुशार मुलगीही शाळेच्या सरासरीला बांधली गेली. वर्ग अगदी लहान असेल तेथे शिक्षकांची श्रेणी कायम ठेवली होती, त्याचा लाभ खाजगी शाळांना अधिक झाला. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, ते सूत्र मागे घेतले गेले. 

पुढच्या वर्षी आपल्याकडेही दहावीची परीक्षा झाली नाही. नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे सूत्र ठरले, निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या सूत्राचे इतर गुणदोष काहीही असोत, त्यात आधार घेतला होता तो ज्याच्या त्याच्या कामाचा.

हा फरक आपल्या गावांच्या दृष्टीने फार मोठा आहे. उद्या एखादे यंत्र सांगेल, की तेल्हारा तालुक्यातील अमक्या शाळेतील, तमक्या उत्पन्नाच्या घरातील मुले शास्त्रशाखेत टिकत नाहीत. सरासरी म्हणून कदाचित ते खरेही असेल. पण त्या आधारावर एखाद्या मुलीला शिष्यवृत्ती, कर्ज किंवा प्रवेश नाकारला गेला, तर ती टिकली असती की नाही हे कधीच कळणार नाही. आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांत त्या गावाची आणखी एक मुलगी ‘न टिकलेल्यां’त जमा होईल. भाकीत स्वतःच स्वतःला खरे करून घेते. ‘हा काही पास होत नाही’ असे वर्गात म्हणणारा शिक्षक नकळत हेच करीत असतो. यंत्राने ही सवय आपल्याकडून उचलून हजारपट मोठी करू नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.

मग काय करावे?

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि खास त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे यांना त्यात मनाई आहे. काही अपवाद करण्याची मुभा सरकारला आहे. कायदा आवश्यक आहे, पण तो पुरेसा पडेल असे मला वाटत नाही. अंदाज तपासण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे. म्हणून दोन सोपे प्रयोग सुचवतो.

पहिला प्रयोग : जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर्गात एक वही ठेवा. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा हवामानखात्याचा अंदाज लिहा. शेजारच्या रकान्यात ‘आज जसे तसेच उद्या’ हा बिनखर्चाचा अंदाज लिहा. तिसऱ्या रकान्यात प्रत्यक्ष काय झाले ते लिहा. महिन्याअखेर दोन्ही अंदाजांचे गुण मोजा. साध्या अंदाजाहून जो अंदाज सरस ठरतो, त्यालाच भाकीत म्हणायचे. मे महिन्यात ‘उद्या पाऊस नाही’ असे म्हणणारा बहुतेक रोज बरोबर असतो, पण त्याला कोणी हवामानतज्ज्ञ म्हणत नाही!

दुसरा प्रयोग : घरात ज्यांच्याजवळ फोन आहे, त्यांना आठवडाभर दोन रेघा मोजायला सांगा. एक रेघ ठरवून शोधलेल्या गोष्टीसाठी आणि दुसरी पुढे आली म्हणून पाहिलेल्या गोष्टीसाठी. नावे लिहू नका, कोणाची थट्टाही करू नका. केवळ आकडे वर्गात आणून त्यांचा स्तंभालेख काढा. फोन माणसाला किती ओळखतो आणि किती वळवतो, यावर मग चर्चा करा. ती चर्चा माझ्या लेखापेक्षा अधिक शिकवील.

आणि यापुढे कोणी सांगितले की अमके यंत्र नव्वद टक्के अचूक आहे, तर तीन प्रश्न विचारा : कोणामधले नव्वद टक्के? चुकलेल्या दहा टक्क्यांचे काय होते? आणि ज्याच्याविषयी भाकीत केले, त्याला आपले म्हणणे मांडायला जागा आहे काय? या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर ते यंत्र जरूर वापरावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याचे भाकीत माणसांबाबत तरी मानू नये, असे माझे मत आहे. तुमचे मत वेगळे असेल तर ते आकड्यांसह अवश्य मांडा.